बारवाल्यांची सहावी पुंगळी

आमच्या घराला बारवाले म्हणतात. दारूचा बार नव्हे. म्हणजे दारूचाच, पण ती दारू वेगळी. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोलले आहे की आता समोरच्याची भुवई वर गेली की माझं तोंड आपोआप सुरू होतं.

त्याचं असं झालं. माझे आजोबा, म्हणजे आमच्या वडिलांचे बापू, पिंपळगावच्या एका भाताच्या व्यापाऱ्याकडे कामाला होते. हंगामात रोकड घेऊन सुरगाण्याच्या बाजूला जायचं, भात-नागली खरेदी करायची आणि परत यायचं. वाट घाटाची, वाहन बैलगाडी. व्यापाऱ्यानं आपल्या ओळखीनं बापूंना एक रिव्हॉल्वर आणि त्याचा परवाना मिळवून दिला, सोबत सहा काडतुसं. आणि एका संध्याकाळी घाटात चोरांनी गाडी अडवली. बापूंनी रिव्हॉल्वर काढलं, आभाळाकडे एक बार उडवला, चोर पसार. रोकड वाचली, बैल वाचले, बापू वाचले. तेव्हापासून आम्ही बारवाले.

चोर किती होते, हे ऐकायला कोण बसलंय त्यावर ठरायचं. घरच्यांसाठी तीन. पाहुणे आले की पाच. माझ्या आत्याच्या लग्नात, वऱ्हाड जेवून पान खात बसलं होतं तेव्हा, ते अकरा झाले आणि त्यातला एक घोड्यावर होता. बार मात्र कायम एकच. त्यात बापूंनी कधी वाढ केली नाही.

पुढे हायवे रुंद झाला, दोन्ही बाजूंना परमिट रूमच्या पाट्या लागल्या आणि आमच्या अब्रूचं भजं झालं. “बारवाले का? कुठला बार हो तुमचा? टोलनाक्याच्या अलीकडचा का?” असं कुणी विचारलं की आमचे वडील, म्हणजे अण्णा, लालबुंद व्हायचे. मग अर्धा तास घाट, बैल, चोर, सगळं. विचारणाऱ्याला कुठून विचारलं असं व्हायचं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडचे माळकरी. त्यांच्या कानावर आलं की मुलगी बारवाल्यांची आहे. माझ्या लग्नाचा बार उडायच्या आधीच फुसका निघायची वेळ आली होती. अण्णा रिव्हॉल्वर पिशवीत घालून पुरावा म्हणून त्यांच्या घरी निघाले. आईनं दाराची कडी लावली म्हणून माझा संसार झाला.

तर असं ते रिव्हॉल्वर. परवान्यावर लिहिलंय ‘४५५ बोर’. आमच्या द्राक्षवाल्या भागात बोर म्हटलं की माणूस विचारतो, पाणी किती फुटांवर लागलं. या बोरचं काडतूस बनायचं बंद होऊन जमाना झाला. नाशिकच्या दुकानदारानं अण्णांना तोंडावर सांगितलं, “काका, हे आता कुठंच मिळत नाही. तुमचं हत्यार देव्हाऱ्यात ठेवा.” अण्णांना राग आला. ते देव्हाऱ्याखालच्या कपाटातच ठेवलेलं होतं, राग बहुधा त्याचाच.

अण्णा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात टर्नर होते. टूलरूममध्ये, लेथवर, अख्खी नोकरी. तेव्हा ते दुकानदाराला म्हणाले, “मिळत नाय तर मी भरतो. पुंगळी वळायला काय लागतंय? विमानाचे पार्ट वळलेत मी.”

दुकानदार भला माणूस. म्हणाला, “वळाल हो काका. पण काडतूस भरायला वेगळा परवाना लागतो, आणि तो तुम्हाला या जन्मी मिळायचा नाही. चहा घ्या आणि हे बोलणं विसरा.”

अण्णा विसरले नाहीत. त्यांनी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, ‘अर्जासोबत सदर काडतुसाचा नमुना जोडावा.’ आता नमुना बनवायची परवानगी मिळावी म्हणूनच तर अर्ज होता. अण्णांनी हे लिहून कळवलं. त्यावर दुसरं उत्तर आलं, की परवानगी देता येत नाही. एवढं सरळ उत्तर सरकारकडून आलं म्हणून अण्णा बरेच दिवस खूश होते.

तेव्हा काडतुसं भरायचं राहिलं. उरलेली पाच एका पत्र्याच्या डबीत कापसात डोकी खुपसून, बूड वर करून उभी असायची. खंडेनवमीला कपाटातून रिव्हॉल्वर आणि डबी बाहेर यायची. पाटावर रिव्हॉल्वर, विळा, कोयता, अण्णांचा मायक्रोमीटर आणि ही डबी. आई सगळ्यांना हळद-कुंकू लावायची, काडतुसांनाही, प्रत्येकाच्या बुडावर एकेक ओलं बोट. आईच्या आधी तिच्या सासूनं लावलेलं. ते कुंकू पुसायचं नाही, असा दंडक. त्यामुळे काडतुसांच्या बुडांवर लाल-पिवळा थर चढून चढून टणक झाला होता. पितळ कुठल्या रंगाचं असतं हेसुद्धा त्यांच्याकडे बघून कळलं नसतं.

मी नाशिकला शाळेत गणित शिकवते. पाच काडतुसं मी लहानपणापासून बघितली. सहातून एक बापूंनी उडवलं, पाच उरली. हिशेब बरोबर. माझ्यासारख्या गणिताच्या बाईंनी यापलीकडे कधी डोकं चालवलं नाही, हे आधीच कबूल करते.

यंदा अण्णांनी ठरवलं, परवाना माझ्या नावावर करायचा. मला भाऊ नाही. अण्णांच्या हाताला कंप सुरू झाला होता. ज्या माणसानं जन्मभर केसाहून बारीक फरक पकडला, त्याला शर्टाचं बटण लावायला पाच मिनिटं लागायची, आणि आई मदतीला गेली की वस्सकन अंगावर यायचे.

“मी काय करू रिव्हॉल्वरचं?” मी म्हटलं. “नववी ‘ब’च्या वर्गात नेऊ?”

“ठेवायचं,” अण्णा म्हणाले. “बापूचा बार हाय तो. माझ्यामागं भंगारात जाता कामा नये. बाकी काय मागत नाय मी तुझ्याकडं.”

खरंच त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. गेले मी त्यांच्याबरोबर परवान्याच्या कचेरीत.

कचेरीतल्या मॅडम चाळिशीच्या, कामाला चोख. आजवर प्रत्येक नूतनीकरणाला कुणीतरी जुन्या पानावरचा ‘काडतुसे सहा’ हा मजकूर नव्या पानावर उतरवला होता आणि शिक्का मारला होता. निवडणुकीला रिव्हॉल्वर ठाण्यात जमा करायचो तेव्हाही पावतीवर सहाच. कुंकवानं चिकटलेली डबी उघडायला कोण बसतंय? या मॅडमनी मात्र सगळं संगणकावर चढवायला घेतलं.

“काडतुसं किती?”

“पाच,” अण्णा म्हणाले.

“इथं सहा आहेत.”

“एक उडालं. त्याचं असं झालं मॅडम, माझे वडील सुरगाण्याच्या घाटातून…”

“काका, पुंगळी द्या.”

“कसली?”

“उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी. ‘वापरले’ लिहिलं की पुंगळी जमा दाखवावी लागते. नाही तर सिस्टीम पुढं सरकत नाही.”

मी मध्ये पडले. म्हटलं, अहो, त्याला जमाना झाला, पडली असेल घाटात.

“पडत नाही ताई. मी हवालदारांना विचारलंय. रिव्हॉल्वरची पुंगळी आतच राहते, हातानं काढावी लागते. म्हणजे घरी असणार. शोधा. पंधरा दिवस देते. पाच काडतुसं आणि ती पुंगळी घेऊन या, हवालदार तपासतील. नाही मिळाली तर चौकशी लागेल, बाराचा जबाब होईल आणि हत्यार जमा. मग ते परत मिळणं कठीण.”

‘बाराचा जबाब’ म्हटल्याबरोबर अण्णांचा चेहरा पडला. मला वाटलं, रिव्हॉल्वर जाईल म्हणून. येताना बसमध्ये दोन आसनं पुढच्या माणसानं तंबाखूचा बार भरला आणि खिडकीतून पिचकारी टाकली, एरवी अण्णांनी त्याची आई-बहीण काढली असती. बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी ओझरला गेले तर आई ओट्याशी पोळ्या लाटत होती आणि मागच्या पत्र्याच्या शेडमधून लेथचा आवाज येत होता. निवृत्त झाल्यावर अण्णांनी एक छोटा जुना लेथ अंबडच्या भंगारवाल्याकडून आणला होता. त्यावर शेजाऱ्यांच्या पंपाचे बुश वळून द्यायचे. कंप सुरू झाल्यापासून तो झाकून ठेवलेला होता.

“काय चाललंय?” मी आईला विचारलं.

“तुझा बाप सरकारला फसवतोय,” आई म्हणाली. “चहा ठेवू?”

शेडमध्ये गेले. लेथच्या तोंडात पितळेची सळी, शेजारी दोन बिघडलेले तुकडे, आणि अण्णांनी डावा हात उजव्या हातानं धरून ठेवलेला.

“बरं झालं आलीस. हे हँडल धर. मी सांगंन तसं फिरव, अर्धा आटा, जास्त नाय.”

“अण्णा, हे काय करताय?”

“पुंगळी.”

“अहो, काडतूस बनवलं तर आत टाकतील तुम्हाला! दुकानदारानं सांगितलं होतं ना?”

“काडतूस कोण बनवतंय? काडतूस भरायला परवाना लागतो. मी रिकामी बनवतोय. रिकामीत काय भरतात, हवा?”

“याला बनावट म्हणतात.”

“बनावट नाय. बनवलेलं. नीट धर.”

मी धरलं. एक तर माझ्या बापाचे हात थरथरताना मला बघवत नव्हते, आणि दुसरं, मी धरलं नसतं तर त्यांनी एकट्यानं बोट घालवून घेतलं असतं. माप त्यांनी रिव्हॉल्वरच्या भोकाचं घेतलं होतं. काडतुसांना आई हात लावू देत नव्हती, पूजेचं कुंकू खरवडलं जाईल म्हणून. दोन तास आम्ही ते केलं. अण्णा बोलायचे, मी फिरवायची. “आता थांब. आता पाव. अगं पाव म्हटलं, पाव कळत नाय? गणित शिकवती म्हणं.” मी त्यांच्या कितीतरी शिव्या खाल्ल्या आणि खरं सांगते, कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती.

मग मी सहज विचारलं. “अण्णा, खरी पुंगळी गेली कुठं?”

अण्णांनी लेथ बंद केला. सळी गरगरत थांबेपर्यंत ते तिच्याकडेच बघत होते.

“खरी नव्हतीच,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे बार उडालाच नाय. मी दहा वर्षांचा होतो. बापू बाहेर ओसरीवर पाहुण्यांना बाराची गोष्ट सांगत बसला होता. मी आत येऊन डबी उघडली, की एक जागा मोकळी असंल ती बघावी. मोजली. सहा होती. पुन्हा मोजली. सहाच. परवान्यावर सहा, डबीत सहा. मग बापूनं उडवलं काय?”

मला एवढ्या वर्षांत न सुचलेलं गणित दहा वर्षांच्या पोरानं केलं होतं.

“बाहेर बापू सांगतोय, असा हात वर केला, असा बार उडवला. लोक ऐकतायत. आणि मला एकच भ्या, की यातला कुणी उठून आत येईल आणि मोजंल. मग बापूचं तोंड कसं होईल? मी एक उचललं आणि मळ्यातल्या विहिरीत टाकलं. डुबुक झालं. झाली पाच.” अण्णा हसले, पण ते काही खरं हसू नव्हतं. “बापूनं नाय उडवला बार. मी उडवला. विहिरीत.”

“आणि कुणाला कळलं नाही?”

“आईला कळलं. माझ्या आईला. त्या खंडेनवमीला तिनं पाच काडतुसांना कुंकू लावलं. सहावं बोट तसंच वर राहिलं. माझ्याकडं बघितलं, आणि ते कुंकू माझ्या कपाळाला लावलं.”

आई दारात चहा घेऊन कधीची उभी होती. “मला वाटायचं पाचच असतात,” ती म्हणाली. “पाच सुपाऱ्या, पाच फळं, तसं. मी कशाला सहावं शोधू?”

अण्णांनी चहा घेतला नाही. “जबाब झाला, चौकशी झाली, की सगळं निघंल. बारवाल्यांचा बारच नव्हता. लोक हसतील. मी साठ-पासष्ट वर्षं हसू दिलं नाय कुणाला. आता शेवटाला नको.”

मला फार वाईट वाटलं. बापूंचा राग आला. अकरा चोर! घोड्यावरचा चोर! आणि हा माणूस हायवेवर लोकांशी भांडत राहिला, हे माहीत असून. प्रत्येक वेळी, माहीत असून.

पुंगळी दुपारी तयार झाली. मागच्या बाजूला मधोमध तांब्याची छोटी टोपी, खऱ्या काडतुसाला असते तशी दिसणारी, पण नुसतं तांबं. आता एकच काम राहिलं. उडालेल्या काडतुसाच्या टोपीवर चाप ओढल्यावर आपटणाऱ्या घोड्याच्या सुईचा खड्डा पडलेला असतो. खिळ्यानं ठोकला तर हवालदाराला कळेल. तेव्हा अण्णांनी रिव्हॉल्वर आणलं, पुंगळी आत बसवली, आणि आम्ही तिघं शेडमध्ये उभे राहिलो. आईनं देवाचं नाव घेतलं. मी कानात बोटं घातली, आत हवा आहे हे माहीत असूनही.

अण्णांनी चाप ओढला. घोडा पडला. टक्.

“एवढंच?” आई म्हणाली.

अण्णांनी पुंगळी काढली, भिंग लावलं आणि कपाळाला आठी घातली. “सुई मध्यावर पडत नाय. बाजूला सरकलीय. कुणी बनवलं हे? टूलरूममध्ये असला जॉब मी परत पाठवला असता.” मग व्हर्नियर लावून त्यांनी ते किती सरकलंय ते मोजलं. कशाला, तर सवय. आमच्या अण्णांच्या पिशवीत लोकांच्या पिशवीत छत्री असावी तसं व्हर्नियर असतं.

ठरल्या दिवशी आम्ही पुन्हा कचेरीत गेलो. मॅडमच्या टेबलाशी हवालदार बसले होते, पोलिसांची हत्यारं तपासणारे, निवृत्तीला आलेले. त्यांनी आधी तळहातावर तंबाखू मळली, चुना लावला, बार भरला, आणि मग डबी पुढे ओढली. एकेका काडतुसाच्या बुडावर काय छापलंय ते नोंदवायचं होतं.

“ही काय लिपस्टिक लावली काय?” ते म्हणाले.

“पूजेचं कुंकू आहे,” मी म्हटलं.

“हत्याराची पूजा करावी ताई, पण वाचता येईल इतपत.” त्यांनी रॉकेलचा बोळा घेतला आणि पुसायला लागले. अण्णांचं लक्ष सगळं टेबलावरच्या कागदात बांधलेल्या पुंगळीकडे. कपाळावर घाम. मी टेबलाखालून त्यांचा हात धरला.

पहिलं काडतूस पुसलं. नोंद. दुसरं. नोंद. तिसरं पुसता पुसता हवालदार थांबले. उजेडाकडे धरलं.

“हे कुणी मारलं?”

“काय?” अण्णा म्हणाले.

“याच्यावर घोडा पडलेला हाय. हा बघा खड्डा. चाप ओढलाय कुणीतरी, पण उडालं नाय. फुसकं निघालं.”

अण्णा इतक्या झटकन उठले की खुर्ची मागे पडली. “दाखवा.”

हवालदारांनी दाखवलं. त्या जुन्या काळ्या तांब्यात एक खड्डा होता, मध्यापासून बाजूला सरकलेला. अण्णांनी पिशवीतून व्हर्नियर काढलं. हात थरथरत होते, आकडा लागेना. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं, लेथवर धरलं होतं तसं. मोजलं. मग आपल्या पुंगळीचा कागद सोडला आणि तिचा खड्डा मोजला. आकडा तोच. कचेरीत चारचौघांसमोर त्यांनी पुन्हा मोजलं. तोच.

“हेच रिव्हॉल्वर,” अण्णा म्हणाले. “याच सुईनं. मी तर कधी काडतूस घालून चाप ओढला नाय. बापूनं ओढला.”

मला कळायला जरा वेळ लागला, मग एकदम कळलं. बापूंनी चाप ओढला होता. घाटात, चोरांसमोर, आणि आवाज आला होता तो फक्त टक्. आमच्या शेडमध्ये आला तेवढाच. पुढे काय झालं कुणास ठाऊक. दुसऱ्यांदा चाप ओढायची वेळच आली नाही, की हात उचलला नाही, की चोर नुसतं रिव्हॉल्वर बघूनच पळाले. रोकड तर परत आली होती. एवढंच खरं, की तो माणूस फुसका बार घेऊन तिथं उभा होता, आणि घरी येऊन त्याला ते सांगायची लाज वाटली. त्यानं एक आवाज तेवढा पदरचा घातला. आणि हे सगळं त्या डबीत उभं होतं, दर खंडेनवमीला बाहेर निघत होतं, आणि आम्ही त्याच्यावर मनोभावे कुंकू लिंपत होतो.

अण्णा खाली बसले आणि रडायला लागले. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायचे आणि पुन्हा पाणी. “बापूला मी खोटा समजलो,” ते म्हणाले. “इतकी वर्षं. त्याच्या तोंडावर काय बोललो नाय, पण मनात खोटाच समजलो.”

हवालदार अवघडले. त्यांनी ती नवी पुंगळी उचलली, फिरवली, नाकाला लावून हुंगली.

“हिच्यात कधी दारू नव्हती.”

“आमच्या घरात कुणी घेत नाय,” अण्णा नाक ओढत म्हणाले, इतकं सवयीनं की मॅडमना हसू फुटलं.

“कुणी केली ही?”

“मी. लेथवर. पोरीनं हँडल धरलं, तिचा काय दोष नाय.”

हवालदारांनी पुंगळीवरून अंगठा फिरवला. “काम चांगलं हाय,” एवढंच म्हणाले आणि ती अण्णांपुढे सरकवली. “ही मी बघितली नाय. आता खरं सांगा, सहावं कुठंय?”

“विहिरीत. मी टाकलं. दहा वर्षांचा होतो. लिहून घ्या मॅडम, खुशाल चौकशी लावा. जे विचारतील ते सांगतो.”

मॅडमनी संगणकात बघितलं. “इथं ‘वापरले’, ‘शिल्लक’ आणि ‘गहाळ’ एवढंच आहे. विहीर नाही. गहाळ टाकते, तुम्ही तसं प्रतिज्ञापत्र द्या.” बटण दाबलं. सिस्टीम पुढं सरकली. तीन पिढ्यांचं प्रकरण एका टिचकीत मिटलं.

रिव्हॉल्वर माझ्या नावावर झालं. पाचही काडतुसं मात्र जमा करावी लागली. इतकी जुनी ठेवता येत नाहीत, नष्ट करतात म्हणे. अण्णांनी ते तिसरं तेवढं ठेवू द्या म्हणून हात जोडले. हवालदार म्हणाले, “काका, ते फुसकं निघालं म्हणून मेलेलं नसतं. नाय देता येणार.” त्यांचंही बरोबर. अण्णांनी ते एकदा तळहातावर घेतलं, कितीतरी वेळ बघितलं, आणि परत दिलं. आमच्याकडे राहिली ती रिकामी पुंगळी, खोटी, बापूंच्या खड्ड्याचा जोडीदार असलेला खड्डा घेऊन.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीशी बसले. पुंगळी मुठीत. हायवेला लागलो, परमिट रूमच्या पाट्या मागे पडायला लागल्या. पलीकडे बसलेला पिंपळगावचा एक बागायतदार अण्णांकडे बघत होता. ओळख पटल्यासारखा पुढे झुकला.

“तुम्ही बारवाले ना?”

“हो.”

“कुठला बार हो तुमचा?”

मी डोळे मिटले. म्हटलं, झालं, आता घाट, बैल, चोर, ओझर येईपर्यंत सुटका नाही.

“फुसका,” अण्णा म्हणाले, आणि छाती पुढे काढून बसले.